न भरणारा वाफा

१

शुक्रवारी संध्याकाळी शेजारच्या फाटकाची कडी वाजली की काकू हातातलं काम तसंच टाकून मागच्या दारी जायच्या. दोन्ही घरांच्या परसांमध्ये छातीइतकी भिंत होती. त्या भिंतीवर कोपरं टेकून उभं राहणं ही काकूंची जुनी सवय. कोण कधी आलं, कोण कुणावर रागावलं, कुणाच्या दोरीवर नवा टॉवेल आहे, सगळं त्यांना तिथूनच कळायचं. "तुला डोळे दोनच दिलेत, ते बरंय," असं काका म्हणायचे. काका म्हणजे त्यांचे यजमान, निवृत्त फिटर.

शेजारीण माती तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. काकूंनी तिचं नाव मातीवाली ठेवलं होतं, आणि ते तिला आवडतं हेही त्यांनीच ठरवून टाकलं होतं. शुक्रवारी ती येताना दोन पिशव्या घेऊन यायची आणि भिंतीवरून काकूंच्या हातात द्यायची.

"आज कुठली गं?"

"आता ते कसं सांगू, काकू? शेतातली असेल, रस्त्याकडेची असेल, एखाद्या शाळेच्या मैदानातली असेल. सगळं एका टबात पडतं."

तिथली पद्धतच तशी. आलेली माती कागदावर सावलीत वाळवायची, चाळायची, तिचा ढीग करायचा आणि ढिगाचे चार भाग करायचे. समोरासमोरचे दोन भाग चिठ्ठीसकट आत तपासणीला जायचे आणि उरलेले दोन टबात. टबातल्या मातीला नाव नाही, गाव नाही. ती टाकूनच द्यायची असते. पण पिठासारखी चाळलेली, एक खडा नसलेली माती टाकायची म्हणजे मातीवालीच्या जिवावर यायचं, आणि फुकट मिळतेय ती नाही म्हणायचं काकूंच्या जिवावर यायचं. म्हणून काकांनी भिंतीलगत विटांचा एक वाफा करून दिला होता. तीन फूट लांब, दोन फूट रुंद, चार विटा उंच. काकूंनी त्यात पालक पेरला होता, पण तो उगवलाच नाही.

सव्वा वर्ष झालं. त्या शुक्रवारी दोन्ही पिशव्या ओतून काकूंनी हात झटकले, आणि सहज त्यांच्या मनात आलं की माती वरच्या विटेच्या दोन बोटं खाली आहे. पहिल्या महिन्यातही ती तेवढीच होती.

"अहो, हा वाफा भरत कसा नाही?"

"माती बसते," काका वर्तमानपत्रातून म्हणाले.

"दर आठवड्याला दहा किलो? एवढी कुठं बसते ती?"

"खाली."

काकू हसल्या. मग त्यांनी पुन्हा वाफ्याकडे पाहिलं. तिथं त्यांची नात बसली होती. विटांवर पोट टेकून, दोन्ही हात मनगटापर्यंत मातीत घालून, डोळे मिटून. ऊन खात पडलेल्या मांजरासारखी.

२

नातीला सगळे ठिपकी म्हणत. तीन वर्षांची. तिची आई सकाळी आठला तिला काकूंकडे सोडून कामाला जायची आणि सहाला न्यायची. दोनेक महिन्यांपासून पोरगी पांढुरकी दिसत होती. पोट दुखतं म्हणायची, दूध ढकलून द्यायची. बोलायला लागलेली पोर, पण 'खिडकी' हा शब्द तिला यायचा तो येईनासा झाला. खिडकीकडे बोट दाखवून ती नुसती उभी राहायची.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. रक्तात शिसं निघालं. आकडा पाचाच्या आत हवा, तो अठ्ठावीस होता.

काकूंची मुलगी थेट दवाखान्यातून आली. जावई मागून आला आणि चपला न काढता दारातच उभा राहिला.

"आई, ही तुझ्याकडे मातीत खेळते ना?"

"खेळते की. पोरं मातीत नाही खेळणार तर..."

"कुठून कुठून गोळा केलेली माती! डॉक्टर म्हणाल्या, या वयात मेंदूवर जातं. गेलेलं परत येत नाही. कळतंय का तुला? परत येत नाही!"

एरवी एका शब्दाला चार शब्द देणाऱ्या काकूंनी लेकीपुढे पाण्याचा तांब्या ठेवला. मुलगी रडून शांत झाल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "मला पंधरा दिवस दे. हे कुठून येतंय ते मी शोधून काढते. नाही सापडलं तर पोरीला इथं आणू नकोस."

"तू काय शोधणार, आई?"

"या गल्लीत आजवर माझ्यापासून काही लपलंय का?"

जावई मान खाली घालून ऐकत होता.

त्याच संध्याकाळी काकांनी वाफ्यावर पत्रा टाकला आणि चारी कोपऱ्यांवर विटा ठेवल्या.

३

मातीवालीला कळलं तेव्हा तिला भिंतीपाशीच रडू फुटलं. "कारखान्याच्या आवारातलीही माती येते आमच्याकडे, काकू. सगळी एकाच टबात. माझ्या लक्षातच आलं नाही."

"रडणं नंतर. आधी तपास."

मातीवाली दुसऱ्या दिवशी सुटी टाकून आली. सोबत प्लास्टिकचा चमचा होता. लोखंडाचा घेतला की आकडा बिघडतो, म्हणाली. पत्रा सरकवून तिने वाफ्यातून नागमोडी जात नऊ ठिकाणची माती उचलली. मग काकूंनी तिला सगळीकडे फिरवलं. अंगणातली, रस्त्याच्या कडेची, बागेतल्या घसरगुंडीखालची माती घेतली, पुढच्या भाजीवाल्याच्या मळ्यातली घेतली. शेवटी मुलीच्या घरी नेऊन दारातलं पायपुसणंसुद्धा काकूंनी कागदावर झटकायला लावलं.

"माझ्या घरात काय शोधतेस?" मुलगी म्हणाली.

"जे सापडेल ते."

बुधवारी मातीवाली निकालाचा कागद घेऊन काकूंबरोबर मुलीच्या घरी आली. अंगणात, बागेत नावापुरतं होतं. मळ्यात थोडं, रस्त्याच्या कडेला त्याहून जास्त, पण धोक्याचं नाही. पायपुसण्याच्या धुळीचा आकडा मात्र एवढा मोठा होता की तिने तो दोनदा वाचून दाखवला.

जावई जुन्या बॅटऱ्या फोडून आतल्या पट्ट्या वितळवायच्या कारखान्यात होता. बुटांवरून, कपड्यांवरून, केसांतून तो रोज ती धूळ घरी आणत होता आणि आल्या आल्या लेकीला उचलून घेत होता. त्याने तो कागद घेतला आणि बराच वेळ घडी घालत राहिला. मुलीने उठून त्याचे बूट दाराबाहेर नेऊन ठेवले. काकूंना त्याची फार दया आली.

"म्हणजे वाफ्यात काही नाही ना?" बाहेर आल्यावर काकूंनी विचारलं.

"काहीच नाही. शून्य."

"सुटलो बाई!"

"काकू, शून्य नसतं." मातीवाली रस्त्यातच थांबली. "कुठल्याही मातीत थोडं शिसं असतंच. डोंगरावरच्या, जंगलातल्या, जिथं माणूस गेला नाही तिथल्याही. तुमच्या वाफ्यात शिसं नाही, जस्त नाही, तांबं नाही. मी तीनदा तपासलं. आमच्या साहेबांना वाटलं मी चेष्टेने दळलेली काच आणली."

"पावसाने वाहून गेलं असेल."

"ते वाहून जात नाही. कुजत नाही, उडून जात नाही. पडलं तिथं शेकडो वर्षं राहतं. मीच त्यात ओतलंय, काकू, सव्वा वर्ष. मग गेलं कुठं?"

काकूंना काकांचा 'खाली' हा शब्द आठवला.

४

मुलीने घर धुऊन काढलं. पडदे, गाद्या, चपलांचा कोनाडा, सगळं. जावई कारखान्यातच आंघोळ करून, दुसरे कपडे घालून घरी येऊ लागला आणि दुसरीकडे काम शोधू लागला. ठिपकीला लोहाचं औषध, दूध, अंडं सुरू झालं. आता आकडा उतरणार यात कुणालाच शंका नव्हती.

तीन आठवड्यांनी आकडा चौतीस आला.

"हाडांत साठलेलं असतं, ते रक्तात येतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वेळ लागेल. वर्षही लागेल. अजून वाढलं तर इस्पितळात ठेवावं लागेल."

"तोवर तिच्या डोक्याचं काय?" काकूंनी विचारलं.

बाईंनी पुढच्या तपासणीची तारीख लिहून दिली.

ठिपकी आता पायऱ्या चढत नव्हती, खालच्या पायरीवर बसून राहायची. दुपारी मात्र काकूंचा डोळा चुकवून रांगत मागच्या दारी जायची आणि पत्र्यावर थाप मारायची. थाप मारायची, कान देऊन थांबायची, पुन्हा मारायची. एकदा काकू मागून आल्या तेव्हा पोरगी स्वस्थ बसली होती, हात मांडीवर. आणि थाप वाजली.

एकच. पत्र्यावर, पण वरून नाही.

पत्रा उन्हाने तापला की वाजतो, हे काकूंना माहीत होतं. त्यांनी स्वतःला तसं स्पष्ट शब्दांत सांगितलं. मग विटा बाजूला केल्या आणि पत्रा उचलला. माती सपाट होती, फक्त भिंतीकडच्या कोपऱ्यात वाटीएवढा खळगा पडला होता.

काकू काही करायच्या आत ठिपकीने त्या खळग्यात हात घातला. मनगटापर्यंत. तिचा सारा देह सैल पडला, आणि तिने एवढा लांब श्वास सोडला की काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. पाच मिनिटांनी तिने आपणहून हात काढला. त्या दिवशी ती कपभर दूध प्याली आणि वर तिने आणखी मागितलं.

संध्याकाळी ती खिडकीपाशी उभी राहिली आणि म्हणाली, "खिडकी."

५

काकूंनी कुणाला काही सांगितलं नाही. ज्यांच्या तोंडात तीळ भिजत नसे त्या काकूंनी. रोज दुपारी काका झोपले की त्या पत्रा काढायच्या, ठिपकीला कमरेला घट्ट धरून बसायच्या आणि दारातून दिसणाऱ्या आतल्या घड्याळाकडे बघत पाच मिनिटं मोजायच्या.

पंधरा दिवसांनी आकडा सव्वीस आला. पुढच्या पंधरा दिवसांनी सतरा.

"घर स्वच्छ ठेवल्याचा परिणाम," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मुलगी आईच्या गळ्यात पडली. काकू म्हणाल्या, "हो ना, हो ना," आणि ठिपकीचा हात कोपरापर्यंत निरखून पाहिला.

कारण पहिल्या दिवशी मनगट होतं. मग खळगा खोल होत गेला, आणि पोरीचा हात मनगटाच्या पुढे आत जाऊ लागला. मग कोपर. तिला हाताला काय लागतं ते काकूंनी विचारून पाहिलं.

"काय आहे गं आत?"

"हात," ठिपकी म्हणाली.

"तुझा हात आहे, ते दिसतंय. आत काय आहे?"

ठिपकीने आजीकडे असं बघितलं की आजीला साधं कळत नाही.

काकूंनी स्वतःचा हात घालून पाहिला. कोरडी, मऊ माती. दुसरं काही नाही. तेवढ्याने समाधान मानणारी ती बाई नव्हती. सकाळी ठिपकी यायच्या आधी त्यांनी जाळी झाडायची लांब काठी आणली आणि खळग्यात खुपसली. वाफा चार विटा उंच, आणि त्याखालची जमीन एवढी खडकाळ की पाया काढताना काकांच्या कुदळीचा दांडा मोडला होता. काठी विटांच्या खाली गेली. आणखी गेली. काकूंची मूठ मातीला टेकली तरी खाली काही लागलं नाही.

त्यांनी काठी वर ओढली. ती येताना जड झाली होती. खालचं टोक वीतभर करडं चकचकीत झालं होतं, पेन्सिलीने गिरवून गिरवून काढल्यासारखं. काकूंनी ते टोक फडक्याने पुसलं, फडकं दोन पिशव्यांत बांधलं आणि हात साबणाने तीनदा धुतले. मग ओट्याला टेकून उभ्या राहिल्या आणि विचार करू लागल्या. आपण वेड्या झालोय का, हा पहिला विचार. त्याचं उत्तर त्यांनी पटकन दिलं: आकडा आपण काढत नाही, दवाखाना काढतो. दुसरा विचार असा: जे शिसं शेकडो वर्षं पडून राहतं, ते इतक्या ठिकाणांहून चाळून, खडे काढून, एका जागी आणून ठेवलं, तर त्याचं काय होतं?

६

आकडा नवावर आला.

"एखाद महिना, की सुटलीच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

त्याच दुपारी ठिपकीचा हात खांद्यापर्यंत आत गेला. तिचा गाल मातीला टेकला होता, डोळे मिटलेले, ओठांवर हसू. पाच मिनिटं झाली. "चल, पुरे," काकू म्हणाल्या आणि तिला मागे घेऊ लागल्या.

ती आली नाही.

काकूंनी पोरीच्या दोन्ही काखांत हात घालून ओढलं. मातीने ओढ दिली. रागाची नाही, घाईची नाही. घट्ट. काकूंनी दात आवळले आणि सगळ्या अंगाचा भार मागे टाकला, तेव्हा कुठे हात सुटला आणि दोघी मागे पडल्या. ठिपकी रडली नाही. तिच्या मनगटावर चार करड्या रेघा होत्या आणि अंगठ्याएवढा एक ठिपका. मोठ्या माणसाच्या बोटांचे ठसे नव्हते ते. काकूंनी आपल्या नातीची दुसरी मूठ त्यांवर धरून पाहिली. एक बोटही कमी-जास्त नव्हतं.

साबणाने रेघा निघाल्या. काकूंचा निश्चय झाला होता.

मुलीला त्या म्हणाल्या, "उद्या तिला ठेवून घे, मला जरा काम आहे." मग जावयाला बाजूला घेऊन विचारलं, "तुझे कारखान्यातले जुने हातमोजे आहेत ना?"

"टाकायला बांधून ठेवलेत, आई. तुम्हाला कशाला ते विष?"

"मला हवेत. तिला सांगू नकोस."

त्याने सासूच्या तोंडाकडे पाहिलं. मग बांधून ठेवलेली पिशवी आणून दिली.

दुसऱ्या दुपारी काका आत घोरत होते. ऊन लख्ख होतं, मातीवालीच्या दोरीवर चादरी हलत होत्या. काकूंनी बाहीचं बटण काढून बाही खांद्यापर्यंत वर केली, हातमोजे उजव्या हातावर बोटांपासून दंडापर्यंत चोळले, आतल्याने आता ठिपकीऐवजी हा हात धरावा म्हणून दंड करडा होईपर्यंत चोळले, आणि वाफ्यापाशी गुडघे टेकले. आकडा अजून नऊ होता. तो आता ठिपकीने वाफ्यात हात घालून उतरवायचा नव्हता, सावकाश आपोआप उतरला तरी चालेल. पण हे जे आत होतं ते रोज पोरीची वाट बघत आणखी वर येणार, आणि एक ना एक दिवस काकूंचं लक्ष नसताना येणार. त्यांनी हात खळग्यात घातला.

मनगट. काही नाही. कोपर. माती गार होत गेली. खांदा आत गेला आणि त्यांचा गाल मातीला टेकला, तेव्हा त्यांना कुठून कुठून वास आले: ओल्या रस्त्याचा, शाळेच्या मैदानाचा, नांगरलेल्या शेताचा, आणि या सगळ्यांच्या मागे जावयाच्या कपड्यांचा.

मग पाच लहान बोटं त्यांच्या हाताला लागली. जड होती, भरीव आणि गार. त्यांनी काकूंचा तळवा चाचपला, एकेक बोट मोजल्यासारखं धरून पाहिलं. हा हात ओळखीचा नाही, हे त्या बोटांना कळलं असावं, कारण ती क्षणभर थांबली. सोडून जाणार, असं काकूंना वाटलं. पण ती वळली आणि काकूंच्या अंगठ्याभोवती घट्ट मिटली. रस्ता ओलांडताना ठिपकी धरायची, अगदी तशी.

आणि तेव्हा काकूंना ते कळलं. इतके दिवस त्यांना वाटत होतं की ते खाली ओढतंय. ते खाली ओढत नव्हतं. ते धरून वर यायला बघत होतं.

पळायचं म्हटलं असतं तर तेव्हा पळता आलं असतं. हाताची पकड लहान मुलाची होती. पण आज पळालं तर पुढच्या वेळी ती कुणाचा अंगठा धरेल, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

"यायचंच आहे ना?" त्या मातीला तोंड लावून हळूच म्हणाल्या. "मग माझ्या हाताला धरून ये. तिच्या नाही."

पलीकडे चादरी बाजूला झाल्या आणि भिंतीवर मातीवालीचं डोकं आलं. "अगंबाई, काकू! अशा आडव्या पडून काय करताय?"

"तण काढतेय," काकू म्हणाल्या. त्यांनी डावा हात विटांवर रोवला आणि पाय भिंतीला टेकवले. "तू आत जा गं. दार लावून घे."

आणि मातीवालीच्या दाराची कडी वाजताच त्यांनी ओढायला सुरुवात केली.